गुणाचा धनी कोण?

भिवंडींतील धामणकर नाक्यावरून ज्यांचें नित्य जाणें-येणें आहे, त्यांस त्या ठिकाणीं घटकाभर उभें राहावें अशी इच्छा होण्याचा संभव फार थोडा. डोक्यावर उड्डाणपूल, खालीं रिक्षा, टेम्पो आणि कापडाच्या ताग्यांनीं भरलेल्या गाड्या यांची गर्दी, आणि आसपासच्या गल्ल्यांतून यंत्रमागांची ती खडखड, जी येथील रहिवाशांस चालू असतांना ऐकूं येत नाहीं आणि बंद पडली म्हणजे मात्र चटकन् जाणवते. अशा या ठिकाणीं एका बंद दुकानाच्या पायरीवर गेल्या वर्षीं आम्हीं बुद्धिबळाचा डाव मांडलेला पाहिला, आणि तेव्हांपासून सुटीच्या दिवशीं संध्याकाळीं आमचें पाऊल तेथें थांबूं लागलें.

डाव मांडणारे गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले, मूळचे सोलापूरकडील, मागावर काम करणारे कारीगर आहेत. पट म्हणजे पुठ्ठ्यावर ओढलेल्या रेघा. मोहरे दोन निरनिराळ्या संचांतले, आणि एका हत्तीच्या जागीं सुताची रिकामी कांडी. खेळ आपल्या देशी रीतीचा. प्यादें पहिल्या चालीसही एकच घर सरकावयाचें, राजानें शह बसण्यापूर्वीं एकदां घोड्यासारखी उडी घ्यावयाची. आम्ही शाळेंत विलायती रीतीनें खेळावयास शिकलों, आणि या विषयांत आपणांस थोडीबहुत गति आहे अशी आमची समजूत होती. पहिल्याच संध्याकाळीं ती दूर झाली. चार डाव खेळलों आणि चारही हरलों. चौथ्यांत तर प्याद्यानें मात झाली. जुने खेळाडू असल्या मातेला विशेष मान देत असत हें आम्हांस ठाऊक होतें, पण तो मान दुसऱ्याकडे जातांना पाहण्याचा प्रसंग पहिलाच.

पुढें कांहीं दिवसांनीं एका स्पर्धेची जाहिरात आमच्या पाहण्यांत आली. आम्ही मोठ्या उत्साहानें ती घेऊन नाक्यावर गेलों. प्रवेशाचे पैसे आम्ही भरूं, जाण्यायेण्याचा खर्च करूं, पाळी बुडेल तिची मजुरीही देऊं, विलायती नियम चार दिवसांत शिकवूं, असें सर्व सांगून झालें. गृहस्थांनीं पटावरची नजर न काढतां सगळें ऐकून घेतलें आणि म्हणाले, "नको मास्तर. पैसे तुमचे म्हटल्यावर डावही तुमचाच झाला की."

खरें सांगावयाचें तर आम्हांस राग आला. एवढा गुण, आणि तो असा पायरीवर वायां जावा! रस्ताभर आम्ही मनांत हेंच घोळवीत होतों. पण घरीं पोंचेपर्यंत त्या रागाखालीं दुसरेंच कांहीं असावें असा संशय येऊं लागला. आमचें औदार्य नाकारलें गेलें होतें. विजय मिळाला असता तर 'यांस आम्हीं शोधून काढलें' असें चार लोकांत म्हणावयास मिळालें असतें, तेंही गेलें. या संशयाबरोबरच आम्हांस सुलतानखान यांची आठवण झाली, आणि मग राग टिकवून धरणें कठीण झालें.

सुलतानखान हें नांव आजच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं ऐकलें नसेल. पंजाबांतील मिठा टिवाणा या गांवीं, विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षाच्या सुमारास वडिलांकडून ते देशी बुद्धिबळ शिकले आणि विशींत असतांनाच पंजाबांत त्यांच्या तोडीचा खेळाडू उरला नाहीं. त्या भागांतील मोठे जमीनदार आणि सरकारदरबारीं वजन असलेले सर उमर हयात खान यांनीं त्यांस आपल्या पदरीं ठेवून विलायती नियम शिकविण्याची व्यवस्था केली. १९२८ सालीं दिल्लीस झालेली अखिल भारतीय स्पर्धा सुलतानखान यांनीं एकही डाव न हरतां जिंकली. पुढच्या वर्षीं सर उमर त्यांस घेऊन लंडनास गेले, आणि त्याच उन्हाळ्यांत रॅम्सगेट येथें हा मनुष्य इंग्लंडांतील नामांकित खेळाडूंस मागें टाकून ब्रिटिश अजिंक्यवीर झाला.

याचें आश्चर्य ज्यांस वाटत नसेल त्यांनीं दोन्ही रीतींतील भेद नीट लक्षांत घ्यावा. विलायती खेळांत प्यादें पहिल्या उडींत दोन घरें जातें, त्यामुळें चार-पांच चालींतच झटापट सुरू होते; म्हणून तेथील खेळाडूंनीं डावाच्या आरंभाचा शास्त्रासारखा अभ्यास करून ग्रंथच्या ग्रंथ भरले आहेत. देशी खेळांत प्यादीं मुंगीच्या पावलांनीं चालतात. दोन्ही सैन्यें आपापल्या घरीं सावकाश मांडणी करितात, आणि खरी परीक्षा मधल्या आणि शेवटच्या भागांत होते. सुलतानखान यांनीं त्या ग्रंथांचा आधार घेतल्याचें दिसत नाहीं. बहुतेक डावांचा आरंभ ते चुकतमाकत करीत, आणि मग ती हलकी झालेली बाजू तास-तास निमूटपणें सांवरून धरीत, समोरचा कंटाळून एखादी ढिली चाल करीपर्यंत. १९३०-३१ च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेंत माजी जगज्जेते कापाब्लांका यांस त्यांनीं साठांहून अधिक चालींच्या डावांत असेंच हळूहळू कोंडून हरविलें. १९३१ सालीं तार्ताकोव्हर यांच्याशीं बारा डावांचा सामना जिंकला. त्याच वर्षीं प्रागच्या ऑलिंपियाडांत ब्रिटिश संघाच्या पहिल्या पटावर बसून रुबिन्स्टाइन आणि फ्लोर यांस हरविलें व जगज्जेते अलेखाइन यांच्याशीं बरोबरी केली. १९३२ आणि १९३३ सालीं ब्रिटिश अजिंक्यपद पुन्हां त्यांच्याकडेच आलें. त्यांच्याविषयीं लिहितांना कापाब्लांका यांनीं 'प्रतिभा' या अर्थाचा शब्द वापरला, आणि ते गृहस्थ तो शब्द उधळणारे नव्हते.

इंग्लंडची हवा मात्र त्यांस कधींच मानवली नाहीं. हिंवताप, पडसें, घशाचे विकार सारखे मागें लागलेले; गळ्याभोंवतीं पट्ट्या गुंडाळून ते पटावर बसत. १९३३ च्या डिसेंबरांत सर उमर हिंदुस्थानांत परतले, आणि त्यांच्याबरोबर सुलतानखान यांसही परतावें लागलें. युरोपांतील एकंदर कारकीर्द पांच वर्षांचीही नाहीं.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. १९३३ सालीं फोकस्टन येथें विजयी झालेल्या अमेरिकन संघास सर उमर यांनीं लंडनांतील आपल्या घरीं भोजनास बोलाविलें. त्या संघांतील रूबेन फाइन यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे, कीं त्या मेजवानींत ज्यांच्याशीं आम्ही पटावर लढलों तेच सुलतानखान आम्हांस वाढीत होते, आणि आम्ही मोठ्या संकोचांत पडलों. फाइन यांचें सर्वच लिहिणें जसेंच्या तसें धरूं नये; यजमानांस ते 'महाराजा' समजले होते, आणि तेवढी चूक ज्यांची झाली त्यांची आणखीही झाली असेल. अलीकडे सुलतानखान यांच्या घराण्यांतील मंडळींनीं ते नोकर होते, निरक्षर होते, या गोष्टींचा ठाम इन्कार केला आहे. आम्हांस त्या वादाचा निकाल लावावयाचा नाहीं. पाहुण्यांस आपल्या हातानें वाढणें आपल्याकडे सेवकाचें काम आहे तसेंच यजमानाच्या घरच्या माणसाचेंही आहे, हें त्या अमेरिकनास कोण सांगणार? पण ते नोकर असोत कीं स्नेही, केव्हां जावयाचें आणि केव्हां परतावयाचें हें सर उमर यांच्या राजकीय कामांवरून ठरत होतें, यांत शंका नाहीं. ज्यांनीं दार उघडलें त्यांच्याच हातीं कडी होती.

आतां ही कथा आपल्या अंगणांत येते. परतल्यावर १९३५ सालीं सुलतानखान यांचा एक सामना झाला, आणि त्यांत प्रतिस्पर्धी होते व्ही. के. खाडिलकर. खाडिलकर हे त्या काळचे आपल्याकडील मोठे खेळाडू. १९२४ सालीं, म्हणजे सुलतानखान यांच्याही आधीं, ब्रिटिश अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत ते खेळून आले होते. सामना दहा डावांचा होता. नऊ सुलतानखान यांनीं जिंकले, एक बरोबरींत सुटला. खाडिलकरांच्या पदरीं अर्धा गुण पडला. पराभवाचा हिशेब जपून ठेवण्याची संवय आम्हां महाराष्ट्रीयांस पानिपतापासून आहे, तेव्हां या अर्ध्या गुणाचेंही मोल आम्हीं ओळखावयास हरकत नाहीं. कारण हा सामना संपला आणि सुलतानखान यांचें नांव बुद्धिबळाच्या जगांतून जवळजवळ पुसलें गेलें. त्यावेळीं ते जेमतेम तिशींत होते. नऊ पराभव पत्करूनही पुनः समोर बसणाऱ्या या खेळाडूमुळेंच, तें हातचें कसब १९३५ सालीं कायम होतें, तें आटून गेलेलें नव्हतें, हें आज आपणांस कळतें. खेळ सुटला तो हात थकल्यामुळें सुटला नाहीं.

त्यानंतरचीं तीस वर्षें ते आपल्या मुलुखांत थोड्याशा शेतीवर राहिले. १९४४ सालीं सर उमर वारले, १९४७ सालीं देशाची फाळणी होऊन तो मुलूख पाकिस्तानांत गेला, आणि २५ एप्रिल १९६६ रोजीं सरगोधा येथें क्षयानें त्यांचें देहावसान झालें. मुलांस त्यांनीं बुद्धिबळ शिकविलें नाहीं. तुम्ही आयुष्यांत याहून कांहीं अधिक उपयोगाचें करा, असें ते त्यांस सांगत, ही आठवण त्यांच्या मुलानेंच सांगितलेली आहे.

या एका वाक्यापाशीं आम्ही अडतों. बाकी सर्व हकीकत दैवाची, परिस्थितीची किंवा धनिकाच्या मर्जीची म्हणून सोडून देतां येते; हें वाक्य मात्र त्यांचें स्वतःचें आहे.

असामान्य गुण ज्याच्या ठिकाणीं आहे त्यानें तो वापरलाच पाहिजे काय? साधारणपणें आपण सर्व 'होय' म्हणतों. विद्या दिल्यानें वाढते, हें आपण लहानपणापासून घोकलेलें. तेव्हां न देणारा हा एक प्रकारचा कृपण, असें ओघानेंच येतें. एखाद्या वैद्यानें रामबाण औषध ठाऊक असून लपविलें तर त्यास आपण दोष देऊं, आणि तो योग्यच. परंतु सुलतानखान खेळले नाहींत म्हणून कोणता रोगी दगावला? यावर कोणी म्हणेल, कीं मग गवयानें गाणें सोडलें तरीही कोणी दगावत नाहीं, म्हणून गाण्याचेंही जगास कांहीं लागत नाहीं काय? आक्षेप बिनतोड आहे. न खेळलेल्या डावांची हळहळ आम्हांसही आहे, आणि ती खोटी नाहीं. पण हळहळ वाटली म्हणजे हक्क सिद्ध झाला, हा न्याय आम्हांस पटत नाहीं. शेजाऱ्याच्या परसांतला आंबा मोहोर धरीनासा झाला तर आपणांस वाईट वाटतें. म्हणून त्यानें तो मोहोरलाच पाहिजे असें बजावण्यास आपण जात नाहीं.

शिवाय गाण्याची गोष्ट थोडी वेगळीही आहे. अल्लादियाखांसाहेब कोल्हापुरास शाहू महाराजांच्या आश्रयास होते. १९२२ सालीं महाराज वारल्यावर ते मुंबईस आले, आणि १९४६ सालीं त्यांचें निधन होईपर्यंत त्यांचा मान तसूभरही कमी झाला नाहीं. केसरबाई, मोगूबाई यांच्यासारखे शिष्य त्यांस मिळाले. आश्रयदाता गेला तरी गाणें उरलें, कारण त्याभोंवतीं ऐकणारे होते, शिकणारे होते, बिदागी देणारे होते. बुद्धिबळाला त्या काळच्या हिंदुस्थानांत यांपैकीं फारसें कांहींच नव्हतें. सांगलीस नूतन बुद्धिबळ मंडळ निघालें तें १९४१ सालीं. १९३५ सालच्या खेळाडूपुढें दोनच वाटा होत्या : कोणा धनिकाच्या पदरीं राहावें, नाहीं तर पायरीवर बसून खेळावें. अशा वेळीं 'गुण वापरा' असें सांगणें म्हणजे, कोणाचा तरी गुण म्हणून वापरला जा, असें सांगण्यासारखेंच होतें.

येथें सर उमर यांची बाजूही मांडली पाहिजे, कारण आमच्या रागाचें खापर त्यांच्या माथीं फोडणें सोपें आहे. ते नसते तर रॅम्सगेट नव्हतें, हेस्टिंग्ज नव्हतें, आणि हा लेखही नव्हता. त्यांच्याच घरच्या परिवारांतील फातिमा या बाईंनीं १९३३ सालीं ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकलें. घरांतील स्त्रीस पटावर बसवून जगापुढें आणणारा मनुष्य त्या काळीं शोधूनच काढावा लागला असता. त्यांनीं दिलें तें पुष्कळ दिलें. पण जें दिलें तें परत घेण्याचा अधिकारही त्यांच्यापाशींच राहिला, आणि घेणाऱ्यानें आपल्या बळावर उभें राहावें अशी तजवीज त्या दानांत कोठेंच नव्हती. पाळीची मजुरी भरून देऊं पाहणाऱ्या आमच्या दानांत तरी ती कोठें होती? स्पर्धा संपल्यावर त्या गृहस्थांनीं काय करावें, याचा आम्हीं क्षणभरही विचार केला नव्हता.

आतां मुलांस खेळ न शिकविण्याविषयीं. 'खेळून काय पोट भरणार आहे?' हें वाक्य आपल्या पांढरपेशा घरांतून पिढ्यान्‌पिढ्या उच्चारलें गेलें आहे, आणि आम्हींही तें उच्चारलें आहे. आमचा मुलगा नववींत असतांना त्याचें लक्ष अभ्यासावरून उडालें म्हणून आम्हीं पट माळ्यावर टाकला, आणि परीक्षा झाली कीं काढून देऊं असें सांगितलें. परीक्षा झाली. त्यानें पट मागितला नाहीं, आम्हींही काढला नाहीं. पुढें तो चांगला शिकला, नोकरीस लागला. तक्रार करण्यासारखें कांहीं झालें नाहीं. तरी माळा झाडतांना तो पट हातीं आला म्हणजे बरें वाटत नाहीं. शब्द तेच, पण सुलतानखान यांनीं ते शिखरावर जाऊन, तेथील वारा खाऊन, उतरल्यावर उच्चारले. आम्हीं ते पायथ्याशीं बसून, वर न पाहतांच उच्चारले. त्यांचें बोलणें अनुभवाचें होतें, आमचें निव्वळ भीतीचें.

तथापि अनुभवाचे असले तरी ते शब्द पूर्णपणें न्याय्य होते असें म्हणण्यास आम्ही कचरतों. ज्यांच्या गुणाची व्यवस्था दुसऱ्यानें लावली, त्यांनीं आपल्या मुलांच्या गुणाची व्यवस्था, त्यांस न विचारतां, आपणच लावली. स्वतः खेळ सोडावा, हा त्यांचा अधिकार आम्हांस निर्विवाद वाटतो. मुलांसमोर पट मांडूंच नये, हा अधिकार तितका निर्विवाद वाटत नाहीं. न शिकविणें आणि मनाई करणें यांत अंतर आहे, हें खरें. आणि ज्या घरांत बाप स्वतः खेळत नाहीं त्या घरांत तें अंतर किती उरतें, हेंही तितकेंच खरें. आज वारा उलट वाहतो आहे. २०२५ सालीं नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर हा किताब मिळविला, आणि गल्लोगल्लीं बुद्धिबळाच्या वर्गांस गर्दी झाली असेल तर नवल नाहीं. पण त्या वर्गाच्या दाराशीं ताटकळणारे आईबाप पाहून आमच्या मनांत येतें, कीं पट माळ्यावर टाकणारा आणि पट बळेंच पुढें मांडणारा हे दोघे परस्परांचे सख्खे भाऊ तर नव्हेत?

सुलतानखान यांस किताब मिळाला तो २०२४ सालीं. जागतिक बुद्धिबळ संघटनेनें त्यांस सन्मान्य ग्रँडमास्टर म्हणून जाहीर केलें, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनीं. १९५० सालीं हे किताब प्रथम देण्यांत आले, तेव्हां रुबिन्स्टाइन यांस, त्यांनीं कित्येक वर्षांपूर्वींच खेळ सोडला असूनही, तो मिळाला. ज्यांनीं त्यांस प्रागला हरविलें त्यांस मिळाला नाहीं. आपल्या गांवीं शेती पाहणाऱ्या त्या मनुष्यास या अन्यायाची कितपत खंत होती? मुलांस जें सांगितलें त्यावरून आमचा तर्क असा, कीं फारशी नसावी. खंत करणारे मागाहून आलेले आपण आहोंत, आणि ती करतांना आपण कोणाचें दुःख करतों हें तपासून पाहिलेलें बरें.

त्या स्पर्धेची तारीख येऊन गेली. आम्ही पुढच्या सुटीच्या दिवशीं नाक्यावर गेलों, तेव्हां गृहस्थांनीं मागील बोलण्याचा उल्लेखही केला नाहीं. यावेळीं आम्हींच म्हटलें, कीं आम्हांस तुमचीं सावकाश चालणारीं प्यादीं चालवावयास शिकवा. ते हंसले. "त्यात शिकायचं काय, मास्तर? घाई करायची नाही, बस." मग त्यांनीं मोहरे पुनः मांडले, हत्तीच्या जागची ती सुताची कांडी आपल्या बाजूची काढून आमच्या बाजूस ठेविली, आमचा धड हत्ती स्वतःकडे घेतला, आणि पहिली चाल आम्हांस दिली. आम्हीं संवयीनें राजापुढचें प्यादें दोन घरें पुढें नेलें. त्यांनीं तें उचलून एक घर मागें ठेविलें.